रॉकसाठी बास ॲम्प घेताय? आधी जिना मोजा

महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतंच, दादा आमचा रॉक बँड आहे, बास गिटारसाठी ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, कुठला घेऊ, आणि सोबत फोटो असतो फ्रीजएवढ्या कॅबचा, म्हणजे स्पीकरच्या डब्याचा. माझा पहिला प्रश्न ठरलेला, कितव्या मजल्यावर राहतोस आणि लिफ्ट आहे का. पोरांना वाटतं टिंगल करतोय. टिंगल नाही हो, मी स्वतः कॉलेज संपल्या संपल्या 15 इंची स्पीकरचा एक जुना कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात, घेतला होता, चांगला पस्तीस किलोचा, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पहिल्या महिन्यात हौसेने चार वेळा खाली नेला आणि वर आणला, मग एकदाच, मग बंदच, आणि दिवाळीत बघतो तर आईने त्यावर क्रोशाचा रुमाल टाकून फुलदाणी ठेवलेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार, फक्त इथे पाठीपेक्षा ॲम्प जड.

म्हणून ब्रँड, वॉट, ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) की सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) ही चर्चा नंतर. आधी कागदावर लिहा की गेल्या तीन महिन्यांत बास कुठे कुठे वाजवला. बहुतेकांचं उत्तर असं निघतं, नव्वद टक्के घरी, उरलेलं जॅमपॅडमध्ये, म्हणजे भाड्याच्या प्रॅक्टिस रूममध्ये, आणि वर्षातून चार-सहा गिग, म्हणजे कार्यक्रम. पुण्या-मुंबईतल्या जॅमपॅडमध्ये ॲम्प असतोच, कसाही असेना, आणि फेस्टला किंवा पबला बॅकलाइन, म्हणजे स्टेजवरचे ॲम्प-ड्रम, आयोजकांची असते. म्हणजे तुमचा स्वतःचा ॲम्प मोठ्या आवाजात लागणार कुठे? ज्यांचा ड्रमर बंगल्यात राहतो आणि गॅरेजमध्ये प्रॅक्टिस होते त्यांना लागतो, त्यांच्यासाठी पुढे लिहितोच, पण बाकीच्यांनी हा हिशोब न करता पैसे टाकू नका.

मग तो फ्रीज आला कुठून ते सांगतो, कारण सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं. फेंडरने प्रिसिजन बास काढला 1951 ला आणि त्याच्यासाठी बासमन ॲम्प 1952 ला, पण पुढे रॉक सुरू झाल्यावर बासमन गिटारवाल्यांनीच पळवला, मार्शलचा पहिला जेटीएम 45 तर त्याच्याच सर्किटवर बेतलेला. साठच्या दशकाच्या शेवटी स्टेज मोठे झाले, गिटारवाल्यांच्या मागे मार्शलच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि तेव्हाचे पीए, म्हणजे लोकांकडे तोंड करून लावलेले मोठे स्पीकर, जेमतेम गाणाऱ्याचा आवाज पोचवणारे, बास त्यातून जायचाच नाही. मग 1969 मध्ये ॲम्पेगने एसव्हीटी काढला, 300 वॉट, सगळा ट्यूबचा, खाली दहा इंची आठ स्पीकरचा कॅब, आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स तो घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथून रॉक बासचा आवाज म्हणजे एसव्हीटी असं समीकरणच झालं. आजही त्या घराण्यातला एसव्हीटी-सीएल घेतला तर नुसतं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प, 36 किलोच्या आसपास आणि 810ई कॅब 63 किलो. गोष्ट एवढीच की हा राक्षस बनवला होता पीए बास पोचवू शकत नव्हता म्हणून, आणि आज कुठलाही बरा साउंडवाला डीआयमधून, म्हणजे सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डबीतून, बास घेऊन 18 इंची सबवूफरवर टाकतो. म्हणजे ज्या आजारावर हे औषध होतं तो आजारच राहिला नाही, आपण अजून बाटली शोधत फिरतोय. आवाज मात्र देखणा, त्याबद्दल वादच नाही.

आता गंमत बघा. त्याच 810ई कॅबचे कंपनीचे आकडे काढले तर 58 हर्ट्झलाच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा) त्याचा आवाज 3 डीबीने, म्हणजे डेसिबलने, खाली येतो, आणि आपली उघडी ई तार 41 हर्ट्झची. म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला रॉक कॅब आपला सगळ्यात खालचा सूर धड पूर्ण देतही नाही. आणि तरी तो भरदार वाटतो, कारण कान 82 हर्ट्झचा त्याचा वरचा सूर पकडतो आणि खालचा मेंदू स्वतः भरून काढतो. रॉकमध्ये बास ऐकू येतो तो तळातल्या गडगडाटामुळे नाही, मधल्या भागामुळे, म्हणजे मिडमुळे, येतो. पुण्यात गणपतीत पथक बघितलंय ना, दोन गल्ल्या पलीकडून नुसता ढोलाचा धमधम ऐकू येतो, ताशा नाही, कारण खालचे सूर भिंतीतून आरपार जातात. पण पथकाच्या शेजारी उभं राहा, पन्नास ढोलांतूनही ताशाचा प्रत्येक घाव सुटा कळतो. तुमच्या बासला तो ताशा हवा. घरी एकटे वाजवताना बासचा नॉब पूर्ण वर आणि मिड खाली केलं की फार भारी वाटतं, अगदी मलईदार, आणि तोच सेटिंग घेऊन दोन डिस्टॉर्शनवाल्या गिटारी आणि ड्रमसोबत गेलात की तुम्ही गायब, मग व्हॉल्यूम वाढवता, मग गिटारवाले वाढवतात, मग ड्रमर जोरात हाणतो आणि गाणारा बिचारा घसा फाडतो.

तर कुठलाही ॲम्प आला समोर, तरी मी असं करतो. सगळे नॉब घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे मधोमध. बास तिथून थोडा खाली, अकरावर. लो-मिड म्हणजे 250 हर्ट्झच्या आसपासचं आहे तसं ठेवायचं, खोली घुमत असेल तरच थोडं कमी. हाय-मिड, 700-800 हर्ट्झच्या आसपास, एकदीड वाजेपर्यंत वर, हा भाग एकट्याने ऐकला तर नाकात बोलल्यासारखा वाटतो, वाटू द्या, बँड सुरू झाला की तोच तुम्हाला वाचवतो. ट्रेबल पिकने वाजवत असाल तर बारावर, बोटांनी वाजवत असाल तर थोडा वर. आणि डिस्टॉर्शन लावणार असाल तर ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) बंद, नाहीतर मधमाशांचं पोळं उठल्यासारखा आवाज येतो. डिस्टॉर्शन पेडलला ब्लेंडचा नॉब असलाच पाहिजे, अर्धा आवाज स्वच्छ आणि अर्धा फाटका, कारण सगळाच सिग्नल फाडला की तळ जातो.

वॉटचं सांगतो, इथे दुकानात सगळ्यात जास्त फसतात लोकं. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डीबी वाढतो, म्हणजे थोडा मोठा झाला का रे असं विचारावं इतकाच. कानाला दुप्पट वाटायला 10 डीबी लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट. म्हणून 300 च्या जागी 500 वॉटचा घेऊ का यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा दुसरा एक कॅब जोडला तर फरक जास्त पडतो, स्पीकर दुप्पट झाले की ते हवाही जास्त हलवतात. ढोबळ हिशोब, घरी 25 ते 40 वॉट पुरून उरतात, रॉक ड्रमरसोबत माइक-पीएशिवाय वाजवायचं तर सॉलिड स्टेटचे 200-300 तरी हवेत, आणि मोठा स्टेज असेल तर पीए आहेच, तिथे ॲम्प फक्त तुमच्या स्वतःच्या कानासाठी. गिटारवाल्याचा 50 वॉटचा ट्यूब ॲम्प घर हादरवतो म्हणून मलाही 50 पुरतील असं समजू नका, खालच्या सुरांना कान मंद असतो, त्यामुळे बासला ताकद कितीतरी जास्त लागते. आणि बॉक्सवर पीक वॉट (क्षणभराचे) लिहिलेत की आरएमएस (सतत मिळणारे) ते बघा, खरं ते आरएमएस.

स्पीकरच्या साइझवरून तर भांडणं होतात. 15 म्हणजे तळ, 10 म्हणजे पंच, हे मीही वर्षानुवर्षं सांगत फिरायचो. अर्धसत्य आहे. कॅबचा डबा कसा बांधलाय, पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, आहे का बंद आहे, स्पीकर कुठला आहे यावर जास्त अवलंबून असतं, वर सांगितलंच की एसव्हीटीचा कॅब सगळा दहा इंचीच. माझं मत विचाराल तर रॉकसाठी दहा इंची दोन किंवा बारा इंची एक-दोन, हलके पडतात आणि मिड नीट देतात. 15 आणि 10 चे वेगवेगळे कॅब एकावर एक रचायची फॅशन होती मधे, दिसायला रुबाबदार, पण दोघं एकमेकांचे सूर कापतात कुठे कुठे, आणि आवाज वाढवला की त्यातला कमजोर आधी जातो. सारखे कॅब घ्या, एकाच जातीचे.

पाच तारांचा बास किंवा ड्रॉप ट्यूनिंग (तारा नेहमीपेक्षा खाली लावणं) असेल तर लोकं लगेच मोठा स्पीकर शोधतात. बी तार 31 हर्ट्झची. तिथे मोठा स्पीकर नको, हाय-पास फिल्टर हवा, म्हणजे 30-40 च्या खालचं जे कानाला कळत नाही पण स्पीकरला पिस्टनसारखं पुढेमागे ढकलत राहतं ते कापणारा. बऱ्याच नव्या प्रीॲम्पमध्ये (सिग्नलला आकार देणारा ॲम्पचा पहिला टप्पा) येतो. लावून बघा, आवाज उलटा घट्ट होतो.

आता ओम, म्हणजे कॅब विजेला जो अडथळा करतो त्याचं माप. हे नीट वाचा, कारण इथे चूक केली तर पैसे जळतात, अक्षरशः. टाकीला एक नळ लावला तर एका वेगाने पाणी जातं, दोन लावले तर टाकीतून दुप्पट ओढलं जातं, तसंच आहे. 8 ओमचा एक कॅब म्हणजे एक नळ. 8 ओमचे दोन जोडले की एकूण 4 ओम, दोन नळ. बहुतेक सॉलिड स्टेट आणि क्लास-डी (हलक्या, नव्या पद्धतीच्या) हेडवर मागे लिहिलेलं असतं, कमीत कमी 4 ओम. म्हणजे 8 चे दोन कॅब चालतील, पण 4 चे दोन जोडले तर 2 ओम होतात आणि हेड एकतर स्वतःला बंद करून घेतं किंवा कायमचं बंद होतं. म्हणून पहिला कॅब घेताना 8 ओमचाच घ्या, पुढेमागे दुसरा जोडता येतो. ट्यूब हेडचं वेगळं, त्याला मागच्या सिलेक्टरशी जुळणारा ओम लागतो आणि कॅब न जोडता तो कधीच चालू करायचा नाही, एक मिनिटसुद्धा नाही, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो म्हणजे ॲम्पचा सगळ्यात महागडा अवयव. शिवाय हेडवर जे 500 वॉट लिहिलेत ते सहसा 4 ओमला, एकट्या 8 ओमच्या कॅबवर त्याहून बरेच कमी मिळतात.

आणि केबल. हेड ते कॅब स्पीकर केबलच लागते, स्पीकॉन (फिरवून लॉक होणारा जॅक) असेल तर उत्तम. गिटारची केबल दिसायला तशीच, दोन्ही टोकांना तोच जॅक, पण आत तार केसाएवढी. एका कॉलेज फेस्टला स्पीकर केबल रूमवर विसरलो आणि गिटारची लावली, म्हटलं तीन गाणी तर आहेत. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात बास विरत गेला, मागे हात लावला तर केबल चहाच्या ग्लासासारखी गरम, आणि हेडवर लाल दिवा. उरलेलं गाणं मी नुसता मान हलवत उभा, आणि वाईट म्हणजे नंतर कोणी म्हणालंसुद्धा नाही की बास बंद होता.

जॅमपॅडवरून अजून एक. आमची जुनी खोली 10 बाय 12 फुटांची होती, आणि तिथे ए हा सूर वाजवला की भिंती थरथरायच्या, त्याच्या खालचा एफ शार्पही तसाच, आणि मधले सूर फुसके. दोन वर्षं ॲम्पला शिव्या घातल्या. मग एका इंजिनियर मित्राने हिशोब करून दाखवला, 12 फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो, तो झाला एफ शार्प, आणि 10 फुटाच्या बाजूला 56, तो झाला ए. ॲम्पचा काही संबंधच नाही. तेव्हा छोट्या खोलीत ॲम्प कोपऱ्यात कोंबू नका, कोपरा तळ अजून फुगवतो, भिंतीपासून जरा पुढे घ्या, आणि कॉम्बो खुर्चीवर किंवा बिअरच्या क्रेटवर ठेवून तिरपा करा म्हणजे आवाज गुडघ्याऐवजी कानाकडे येईल. आपण ॲम्पला चिकटून उभे राहतो, कानाला मिड पोचतच नाही, मग आपण वाढवत राहतो आणि समोरच्याचे हाल.

मग घ्यायचं काय? घरापुरतं असेल तर साधा छोटा कॉम्बो, आठ किंवा दहा इंची, हेडफोनची सोय असलेला, सोसायटीत रात्री नऊनंतर तोच कामाचा, कारण खालच्या मजल्यावरच्या काकांना तुमचा मिड ऐकू जात नाही, फक्त ढोल जातो. गिग करता आणि बॅकलाइनच्या भरवशावर असता, तर मी म्हणेन आधी पैसे प्रीॲम्प-डीआय पेडलवर टाका, सॅन्सॲम्प बास ड्रायव्हर किंवा त्याच पंथातलं काहीतरी. हा सल्ला पोरांना आवडत नाही, कारण डबीचा फोटो टाकून कोणी वाहवा करत नाही. पण स्टेजवर समोर कुठलाही ॲम्प असो, फाटका असो की नवा, तुमचा आवाज पेडलमध्ये बनलेला असतो, एक्सएलआर केबल (माइकला असते ती तीन पिनांची) थेट साउंडवाल्याला जाते, लोकांना तुमचाच बास ऐकू येतो, आणि सगळा सेटअप गिग बॅगच्या पुढच्या कप्प्यात, लोकलच्या गर्दीतही नेता येतो. साउंडचेकला मिळतात दहा मिनिटं, त्यातली आठ ड्रमच्या किकमध्ये जातात, तेव्हा हे फार कामाला येतं. ॲम्पच्या मागचा डीआय वापरला तर प्री-पोस्टचं बटण बघा, प्री म्हणजे तुमच्या नॉबच्या आधीचा सिग्नल, पोस्ट म्हणजे नंतरचा, पोस्टवर असताना मधेच बासचा नॉब फिरवलात की अख्ख्या मैदानाचा बास फिरतो आणि साउंडवाले दादा तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ते मी बघितलंय.

आणि खरंच स्वतःचा ॲम्प लागतो, म्हणजे गॅरेजवाले, छोट्या कॅफेत वाजवणारे, तर बारा इंची किंवा दोन दहा इंची क्लास-डी कॉम्बो, ज्याला मागे जादा कॅबची सोय आहे. फेंडर रंबल 500 चं उदाहरण घ्या, दोन दहा इंची, साडेसोळा किलो, एकटा 350 वॉट देतो आणि बाहेरून 8 ओमचा कॅब जोडला की पूर्ण 500. मी हाच घ्या म्हणत नाही, ॲम्पेगची रॉकेट मालिका आहे, इतरही आहेत, पण वजन-वॉट-वाढवायची सोय हे त्रिकूट असंच बघायचं. ड्रमर हळू हाताचा असेल आणि रिक्षातून जायचं असेल तर रंबल 100 सुद्धा आहे, दहा किलोचा, मात्र बाहेरचा कॅब जोडता येत नाही आणि मेटल ड्रमरसमोर तो धापा टाकतो. हेड आणि कॅब वेगळे घेण्यात फायदा आहे, एक बिघडलं तर एकच बदला, तीन किलोचं हेड पाठीवरच्या बॅगेत जातं, पण पहिल्यांदा घेताना कॉम्बोच बरा, केबल विसरायची भानगड नाही.

परदेशातून आणणारे असाल तर थांबा. आमच्या गिटारवाल्याच्या मेहुण्याने अमेरिकेहून हेड आणलं, स्वस्तात मिळालं म्हणून सगळे खूश, भारतात आल्यावर अडॅप्टर लावून घुसवलं भिंतीत, फट् करून आवाज आणि जळक्या वायरचा वास. ते 120 व्होल्टचं, आपल्याकडे 230. प्लगचा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त पिना बदलतो. मागच्या पट्टीवर 100-240 लिहिलं असेल तर बिनधास्त, नुसतं 120 असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, तोही ॲम्प जितकी वीज ओढतो त्यापेक्षा मोठा. आणि तीन पिनांतली अर्थिंगची पिन हमिंग थांबावं म्हणून कधी काढू नका, हम डीआयच्या ग्राउंड लिफ्ट बटणाने घालवा, अर्थिंग काढलं आणि माइकला ओठ लागला तर गाणाऱ्याला झटका बसतो, जुन्या हॉलमध्ये तर हमखास.

सेकंडहँड घेताना आपला बास सोबत न्या, दुकानातल्या किंवा मालकाच्या बासवर टेस्ट करू नका. उघडी ई सावकाश वाजवा, मग प्रत्येक फ्रेटवर एकेक सूर, आवाज बऱ्यापैकी वर, आणि कॅबच्या जवळ कान नेऊन ऐका, एखाद्याच सुरावर खरखर आली तर स्पीकरची कॉइल घासत असेल नाहीतर नुसता जाळीचा स्क्रू सैल असेल, जाळी हाताने दाबून पुन्हा वाजवा म्हणजे कळतं. सगळे नॉब फिरवा, करकर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, पण भाव पाडायला उपयोगी. जॅक हलवून बघा, डीआयला केबल लावून खरंच आवाज येतो का बघा, हे शंभरातले नव्वद जण बघत नाहीत. वीस मिनिटं चालू ठेवा, गरम झाल्यावरच काही दोष बाहेर येतात, तोवर चहा प्या मालकासोबत. आणि गप्पांत विचारा का विकताय. घर बदलतोय, बँड फुटला, मूल झालं, ही सगळी चांगली कारणं. पाठ दुखते म्हणाला तर ॲम्प बहुधा ठणठणीत असतो, मग तो स्वतः उचला, गल्लीच्या टोकापर्यंत न्या आणि परत आणा, मगच पैसे काढा.